वर्मी घाव आणि उशिरा चढणारे विष

बीड जिल्ह्यातला नारायणगड धाकटी पंढरी म्हणून मराठवाड्यात सर्वांना ठाऊक आहे. गडाच्या परिसरातल्या एका शाळेत संभाव्यतेवर दोन दिवस बोलण्यासाठी आम्ही गेलो होतो. सोबत नेहमीचे साहित्य होते: नाणी, कवड्या, लाल-पांढरे मणी. शाळेचाच एक माजी विद्यार्थी, आता पुण्यात शिकणारा, सुटीत घरी आला होता. त्याने पिशवीतून एक पुरचुंडी काढली. तीत चार, सहा, आठ, बारा आणि वीस पृष्ठांचे फासे होते. मुलांनी आमचे मणी बाजूला सारले, हे सांगायला नकोच.

संध्याकाळी त्या फाशांचा डाव मांडला गेला. हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ. एक जण कथा सांगतो, बाकीचे त्या कथेतली पात्रे होतात, आणि पात्राने केलेला प्रयत्न साधला की फसला हे फासा ठरवतो. वार करायचा तर वीस पृष्ठांचा फासा टाकायचा. ठरावीक आकडा आला की वार लागला, मग दुसऱ्या फाशाने इजा किती ते काढायचे. पहिल्या फाशावर थेट वीसच पडले, तर घाव वर्मी बसला असे मानून इजा दुप्पट धरतात. थोड्याच वेळात भांडण जुंपले. बाण विषारी होता, दान वीसचे पडले होते, आणि विष तीन फेऱ्यांनंतर चढणार होते. ‘‘सर, घाव दुप्पट, मग विषही दुप्पट का?’’ निम्मी मुले हो म्हणत होती, निम्मी नाही. आम्ही त्या दिवशी वेळ मारून नेली. नंतर पाहिले तर या प्रश्नाला बराच इतिहास आहे.

फासे आणि विष यांची गाठ आपल्याकडे फार जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान वाचकांना आठवत असेल. द्यूतात सर्वस्व गमावलेला नल वणव्यात सापडलेल्या कर्कोटक नागाला वाचवतो. नाग त्याला पावले मोजत चालायला सांगतो आणि दहाव्या पावलाला डसतो. नलाचे रूप तत्काळ पालटते, पण विष त्याला बाधत नाही. ते त्याच्या अंगात शिरलेल्या कलीला जाळत राहते. पुढे ऋतुपर्ण राजाकडून नल अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकतो तेव्हा कली ते विष ओकत बाहेर पडतो. दंश एकाला, विष दुसऱ्याला, आणि त्याचा शेवट फार पुढे. विदर्भाच्या दमयंतीची म्हणून ही कथा मराठी घराघरांत सांगितली जाते. तिच्यातली ही दोन वेगळी कलमे मात्र आमच्याही लक्षात कधी आली नव्हती.

आजच्या खेळाचा उगम युद्धाच्या पटात आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचे युद्ध तयार केले. त्यात तोफखान्याने किती नुकसान केले हे फासा आणि कोष्टक मिळून ठरवीत. नुकसान तिथल्या तिथे मोजले जाई. उद्या मरणाऱ्या जखमी शिपायाला त्या पटावर जागा नव्हती.

१९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. पलटणींच्या जागी एकेक माणूस आला. त्याच्या वीस पृष्ठांच्या फाशाचा इतिहास शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. भूमिती शिकवण्यासाठी पाच सुसम घनाकृती विकणारी एक शालेय साहित्याची कंपनी होती, तिच्याकडून हे फासे घेतले गेले. या खेळात विषाचा प्रश्न पहिल्यापासून वेगळा ठेवलेला होता. वार लागला की नाही याचे दान एक, आणि शरीराने विष सोसले की नाही याचे, म्हणजे बचावाचे, दान दुसरे. फक्त तो निकाल अतिशय कठोर होता. बचाव फसला की बहुतेक वेळा मृत्यूच, आणि तोही तत्काळ.

वर्मी घाव आला पुढच्या वर्षी. एम. ए. आर. बार्कर हे दक्षिण आशियाई भाषांचे अभ्यासक. १९५१ मध्ये ते भारतात येऊन गेले होते, उर्दू आणि बलुची शिकवण्याची पाठ्यपुस्तके त्यांनी तयार केली. १९७५ च्या त्यांच्या ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ या खेळात वीसचे दान पडले की इजा दुप्पट होई. पुन्हा फासा टाकून १९ किंवा २० आले तर प्रतिस्पर्धी जागीच ठार. खेळणाऱ्यांना हे फार आवडले, गायगॅक्स यांना नाही. १९७९ च्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथात त्यांनी आक्षेप घेतला की हा नियम दोन्ही बाजूंना लावावा लागेल, आणि मग खेळाडूंच्या पात्रांचे आयुष्य फारच कमी होईल.

हा आक्षेप गणिताने तपासण्याजोगा आहे. एका वारात वीस न पडण्याची संभाव्यता ०.९५. कथेतला राक्षस एकाच लढाईपुरता येतो, त्याच्यावर समजा पाच वार होतात. पाचही वारांत वीस न पडण्याची संभाव्यता ०.७७, म्हणजे तो बहुधा सुटतो (वर्मी घावाने मरण्यापासून; एरवी मरतोच बिचारा). खेळाडूचे पात्र महिनोन्महिने चालते. वीस वारांत ही संभाव्यता ०.३६ होते आणि शंभर वारांत ०.००६. फासा दोघांना सारखाच, पण जो जास्त वेळा त्याच्यासमोर उभा राहतो त्याला वर्मी घाव जवळजवळ नक्की आहे. वर्गात ०.९५ चे घात मुलांकडून काढून घ्यावेत. शंभराव्या घातापाशी वर्ग शांत होतो, असा आमचा अनुभव आहे.

विष उशिरा चढण्याचे नियम हळूहळू आले. १९८९ च्या आवृत्तीत कोणते विष किती वेळाने चढते याचे कोष्टकच दिले होते. २००० च्या आवृत्तीत विषाचे दोन हप्ते झाले, एक लगेच आणि दुसरा मिनिटभराने. घाव वर्मी बसला तर शस्त्राची इजा वाढे, वरून मिळालेल्या जादा फाशांची नाही. २०१४ मध्ये उलट, वाराचे सगळेच फासे दुप्पट टाकायचे ठरले. मात्र ज्या विषासाठी बचावाचे वेगळे दान टाकावे लागते ते दुप्पट होत नाही, असा अर्थ लावला जातो. ‘पाथफाइंडर’ या स्पर्धक खेळाने २०१९ मध्ये आणखी वेगळी वाट धरली. तिथे जळत किंवा झिरपत राहणारी इजा वर्मी घावाने दुप्पट होते आणि दर फेरीला होतच राहते, वीसच्या फाशावर १५ किंवा अधिक पडेपर्यंत. ही संभाव्यता ०.३, म्हणून ती सरासरी साडेतीन फेऱ्यांच्या आत थांबते.

म्हणजे आमच्या मुलांसारखेच नियम करणारेही दोन पक्षांत विभागलेले आहेत. सरासरीकडे पाहिले तर भांडण क्षुल्लक आहे. वीसपैकी दहा वार लागतात, विष निम्म्या वेळा बाधते आणि बाधले तर सरासरी ७ गुण जातात असे धरू. वीस वारांत विषाने ३५ गुण गेले. वर्मी घावाने विष दुप्पट केले तर ३८.५. फरक शेकडा दहाचा. पण ज्याच्या वाट्याला तो एक वार येतो त्याचे सातऐवजी १४ जातात, आणि नवशिक्या पात्राकडे मुळात आठ-दहाच गुण असतात.

आमचे मत विचाराल तर विष दुप्पट करू नये. कारण खेळातले नाही, महाडजवळच्या बिरवाडीतले आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेले रुग्ण येत. नांगीची खूण जेमतेम दिसे, आणि काही तासांनी त्यांतले कित्येक फुफ्फुसात पाणी होऊन दगावत. बावस्करांनी रुग्णाजवळ बसून तासातासाची नोंद ठेवली. विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर असह्य ताण येतो, हे ओळखून त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरले. त्यांचे निष्कर्ष १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. गंभीर रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण शेकडा तीस-चाळीसवरून शेकडा एकाच्या आसपास आले. दंशाकडे पाहून पुढचा निकाल सांगता येत नाही, तो वेगळा पाहावा लागतो, हे त्यांच्या नोंदींतून दिसते.

मण्यार तर याहून टोकाचे उदाहरण. ती रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्याला. वेदना जवळजवळ नाही, कधी खूणही सापडत नाही. खेळाच्या भाषेत अगदी किरकोळ घाव. काही तासांनी पोटात दुखते, पापण्या जड होतात, मग श्वासाचे स्नायू थकतात. विषाने मज्जातंतूंची टोके एकदा निकामी केली की प्रतिविषानेही ती लगेच सुधारत नाहीत, कृत्रिम श्वासावर दिवस काढावे लागतात. म्हणून लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठायचा असतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसे गेली, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. बीडच्या कितीतरी घरांत पावसाळ्यात अंथरूण जमिनीवर असते, आणि पाऊस सरला की उसाच्या फडावर कोपीतही जमिनीवरच. एका रात्रीची शक्यता कितीही लहान धरा, घात किती मोठा होतो ते पाहा.

हे सगळे आम्ही दुसऱ्या दिवशी सांगणार होतो, पण मुलांनी तोवर स्वतःचा नियम केला होता. विषाचे दान वार लागताच टाकायचे, मात्र कोणी न पाहता त्यावर स्टीलची वाटी पालथी घालायची आणि तीन फेऱ्यांनी उघडायची. दान आधी टाकले काय नि नंतर टाकले काय, संभाव्यता तीच राहते, असे आम्ही म्हणालो. ते त्यांना मान्य होते. वाटी तरी त्यांनी काढली नाही.

पुढच्या डावात ज्याला बाण लागला तो मुलगा आजी-आजोबांकडे राहणारा. आई-वडील त्या हंगामात ऊसतोडीला गेले होते. त्याने लढाई सोडली आणि पहिल्याच फेरीत कथेतल्या वैद्याचे घर गाठले. तीन फेऱ्यांनी वाटी उघडली तर खाली १ होता, म्हणजे विष बाधलेच नसते. फेऱ्या फुकट घालवल्या म्हणून बाकीची मुले हसली. तो म्हणाला, ‘‘मला काय माहीत वाटीखाली काय होतं!’’