कार्ड, कानस आणि कलम ३७१

१ नोव्हेंबर १९५६ म्हटलं की नागपूरकराला आठवते ती गेलेली राजधानी. मध्य प्रदेश सुटला, आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो, सचिवालय गेलं. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होतो. माझ्या लेखी त्या तारखेला आणखी दोन गोष्टी घडल्या, आणि त्यांचा हिशोब अजून मिटलेला नाही.

पहिली गोष्ट दिल्लीतली. १९४५ साली लढाईवरून परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी रोजगार विनिमय केंद्रं निघाली होती. फाळणीनंतर तिथे निर्वासितांची नावं चढली, मग सगळ्यांसाठी दार उघडलं. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली. शिवराव समितीच्या शिफारशीवरून या दोन्हींचा रोजचा कारभार केंद्राने राज्यांच्या हाती दिला, तो नेमका १ नोव्हेंबर १९५६ पासून.

दुसरी गोष्ट संविधानातली. सातव्या दुरुस्तीने कलम ३७१(२) त्याच दिवशी लागू झालं. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाने धंदेशिक्षणातल्या प्रवेशांचा आणि सरकारी नोकऱ्यांचा वाटा मागून घेतला होता. त्याला इथे आधार मिळाला. विदर्भासाठी वेगळं विकास मंडळ, आणि तंत्रशिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण व राज्य सरकारी नोकऱ्यांमध्ये पुरेशी संधी. प्रशिक्षण आणि नोकरी एकाच उपकलमात शेजारी शेजारी बसवली आहेत. ज्यांनी ते लिहिलं त्यांना पोराच्या हातातलं काम कळत होतं, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या शेडमध्ये नवीन आलेल्या मुलाला पहिल्यांदा लोखंडाचा चपटा तुकडा आणि कानस मिळते. तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा, पाय रोवायचे. जोर पुढे जाताना द्यायचा, परत येताना कानस नुसती आणायची. सुरुवातीला हात हलतो, कडा घासून उतरतात, मधे पोट राहतं. मग गुण्या लावून तुकडा खिडकीकडे धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा व्हाइस. तळहाताला फोड येतात. काही दिवसांनी ती रेघ नाहीशी होते, आणि त्या दिवशी पोरगा दुसऱ्याला बोलावून दाखवतो. दोन वर्षांत तो ड्रिल, टॅप, फिटिंग सगळं शिकतो. उमरेड, काटोल, सावनेरहून बसने येणाऱ्या पोरांनी हे केलेलं मी पाहिलं आहे.

प्रमाणपत्र हातात आलं की बाप विचारायचा, "सर, पोराचा नंबर कधी लागन जी?" मी सांगायचो, एम्प्लॉयमेंट ऑफिसात, म्हणजे त्या रोजगार विनिमय केंद्रात, नाव नोंदवून कार्ड काढा. अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी, कोराडीचं वीज केंद्र, हिंगण्याची एसटी कार्यशाळा, रेल्वेचं मोतीबाग, ही आमची ठरलेली नावं. १९६१ च्या कायद्याने अप्रेंटिसशिप मिळायची, पण तिथे कायम होण्याची हमी नव्हती. एम्प्लॉयमेंट ऑफिसचंही तसंच. १९५९ च्या कायद्याने मालकाला रिकामी जागा कळवायला लावलं, कार्डवाल्यालाच घ्यायला लावलं नाही. नूतनीकरणाच्या रांगेत उभं राहून वय उलटून गेलेली मुलं मला ओळखीची आहेत. ते अन्यायाचं होतं, आणि त्यात मुलांचा काही दोष नव्हता.

मंडळाला तर ३८ वर्षं लागली. प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटींवर काढला, त्यात विदर्भाचा १,२४६ कोटींहून जास्त. सिंचन, रस्ते, वीज यांच्या रांगेत तंत्रशिक्षणही होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये विधिमंडळाने मंडळांचा ठराव केला. राष्ट्रपतींचा आदेश ९ मार्च १९९४ ला निघाला आणि १ मेपासून विदर्भ वैधानिक विकास मंडळ नागपुरात सुरू झालं.

मंडळाने मागासलेपणा मोजून कागदावर आणला, हे त्याचं मोठं काम. आकडा हाती असल्याशिवाय मुंबईत कोणी ऐकत नाही. पण अनुशेष मोजताना सिंचनाने सगळी जागा व्यापली, आणि प्रशिक्षणाचा अनुशेष म्हणजे मुख्यतः सुविधा आणि जागा किती कमी आहेत ते. जागा वाढवता येतात, शेडही बांधता येते. शिकून बाहेर पडलेला मुलगा कुठे लागला, हे त्याच उपकलमाचं दुसरं अंग, ते मोजणीबाहेर राहिलं. जागा आमच्या खात्यात मोजल्या जात आणि कार्डं दुसऱ्या खात्यात. २०१५ मध्ये राज्याने कौशल्य विकासाचं स्वतंत्र खातं काढलं आणि पुढे दोन्ही एका छताखाली आली. मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.

मंडळ पुन्हा उभं राहिलं तर त्याच्या पहिल्याच अहवालात एक रकाना असावा अशी माझी मागणी आहे: तालुका, ट्रेड, आणि उत्तीर्ण झाल्यावर तीन वर्षांनी तो मुलगा किंवा ती मुलगी काय काम करते. आयटीआयच्या रजिस्टरात प्रत्येकाचं नाव आणि पत्ता असतो. काम तिथूनच सुरू करता येईल.