राजकन्या नव्हे, पळवलेली पोर

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. 'मेक्सिकोचा प्रसिद्ध पोशाख एका भारतीय राजकन्येची देणगी!' सोबत टिकल्या लावलेला घेरदार परकर घातलेल्या बाईचा फोटो. मीही सवयीने टाळ्यांचा आयकॉन टाकून मोकळा झालो. शनिवारी वेळ होता म्हणून जरा खोदकाम केलं, आणि त्या टाळ्या परत घ्याव्याशा वाटल्या.

तर मंडळी, बाई खरी आहे. चरित्रकारांनी तिचं मूळ नाव 'मिर्रा' असं लिहिलंय (आपल्याकडचे लोक त्याची लगेच 'मीरा' करतात). सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मुघल मुलखातून पोर्तुगीज चाच्यांनी तिला लहानपणी पळवलं. पोर्तुगीज म्हटलं की आपल्याला गोवा आणि वसई आठवते, पण त्यांचा गुलामांचा धंदा थेट मनिलापर्यंत होता. कोचीनला बाप्तिस्मा होऊन तिची 'कातारिना दे सान हुआन' झाली. पुढे मनिलाच्या बाजारात विकली गेली आणि स्पॅनिश गलबतातून पॅसिफिक ओलांडून आकापुल्कोला पोचली. हा प्रवास कित्येक महिन्यांचा. आपण सोळा तासांच्या फ्लाइटला कुरकुरतो!

साधारण १६२०च्या सुमारास ती मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात मिगेल दे सोसा नावाच्या व्यापाऱ्याच्या घरी आली. मनिलाच्या जहाजातून उतरलेला कुठलाही आशियाई माणूस तिथे 'चिनो', बाई असेल तर 'चिना'. म्हणून आपली ही बाई चिनी ठरली! १६२४ मध्ये सोसा वारला आणि ती सुटली. एका आशियाई गुलामाशी तिचं लग्न लावून दिलं, पण तिने ब्रह्मचर्य सोडलं नाही. बाकीचं आयुष्य प्रार्थना, उपास आणि दृष्टान्त यांत गेलं. मोठे मोठे पाद्री तिचे दृष्टान्त ऐकायला येत. ५ जानेवारी १६८८ रोजी ती वारली. (इकडे तेव्हा संभाजीराजांचं राज्य चालू होतं.)

खरी गंमत पुढे आहे. तिचा कन्फेसर, आलोन्सो रामोस नावाचा जेझुइट, याने १६८९ ते १६९२ मध्ये तिचं तीन खंडांचं चरित्र छापलं. त्यात ती राजघराण्यातली, जन्मापासून चमत्कारी वगैरे. संतचरित्राला असलं कुळ लागतंच. साध्या घरातली पळवलेली पोर कोण वाचणार? पण हे सगळं इन्क्विझिशनला फार झालं. १६९१ मध्ये तिच्या चित्रांवर बंदी आली, आणि १६९२ला स्पेनमध्ये व १६९६ला मेक्सिकोत रामोसच्या पुस्तकावरही.

ती स्वतः निरक्षर होती. तिच्या हातची एक ओळसुद्धा नाही. १६९२ मध्येच आणखी एका पाद्र्याने छोटं चरित्र लिहिलं, त्यात तिचे मोडक्यातोडक्या स्पॅनिशमधले बोल जसेच्या तसे देण्याचा प्रयत्न आहे. साठ-पासष्ट वर्षं त्या देशात काढूनही भाषा पुरती आपली झाली नाही. मला हा एवढाच तपशील सगळ्या चमत्कारांपेक्षा खरा वाटला.

त्याच काळात मेक्सिको सिटीत सोर हुआना इनेस दे ला क्रूझ ही जोगीण कविता आणि नाटकं लिहीत होती. पुएब्लाच्या बिशपने टोपणनावाने तिला उपदेश केला, तेव्हा १६९१ मध्ये तिने बाईच्या शिकण्याच्या हक्काबद्दल सणसणीत उत्तर लिहिलं. हाच बिशप कातारिनाच्या शेवटच्या वर्षांत तिच्या गावचा बिशप होता. एकीला उत्तर देता आलं. दुसरीबद्दल मात्र इतरांनीच सगळं लिहिलं, आणि पुसलंही इतरांनीच.

आणि तो पोशाख? 'चिना पोब्लाना' हा एकोणिसाव्या शतकातल्या मेक्सिकन शहरी बायकांचा वेश. नावातल्या 'चिना'मुळे लोकांनी तो मागाहून कातारिनाला चिकटवला. तिने तसला परकर नेसल्याचा काही पुरावा नाही.

म्हणजे रामोसने तिला राजकन्या केलं, मेक्सिकोने तिला पोशाख दिला, आणि आता आपण तिला फॉरवर्ड केलं. तिला काय हवं होतं, हे कोणीच विचारलं नाही. त्या गलबतांतून गेलेल्या बाकी हजारो 'चिनो'ंना तर एवढंही नशिबी आलं नाही. अशा गुलामांना सोडायचा स्पॅनिश हुकूम निघाला तो १६७२ मध्ये.

असो. ग्रुपवर मी लिहिलं, "राजकन्या होती की नाही माहीत नाही, पण पळवलेली होती हे नक्की." कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.