पाय रोवून उभा असलेला शब्द

इंग्रजीत ‘स्टेडफास्ट’ असे एक विशेषण आहे. शब्दकोशात त्याचे अर्थ मिळतात : अढळ, निश्चल, एकनिष्ठ. पण माणसासारखेच शब्दालाही त्याचे गाव विचारावे, तेव्हा कुठे ओळख पटते.

‘स्टेड’ म्हणजे जागा, ‘फास्ट’ म्हणजे घट्ट. जागा न सोडणारा तो स्टेडफास्ट. आज ‘फास्ट’ म्हटले की आपल्याला लोकल आठवते. पण मूळ अर्थ वेगाचा नव्हे, पक्केपणाचा. न जाणाऱ्या रंगाला अजून ‘फास्ट कलर’ म्हणतात, तो त्यामुळेच.

इ.स. ९९१ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स भागात, माल्डन इथे व्हायकिंगांशी लढाई झाली. तिच्यावरच्या जुन्या इंग्रजी काव्यात रणात पाय रोवून उभ्या राहिलेल्यांसाठी हा शब्द येतो. सरदार बिर्तनोथ पडला. काही पळाले, बाकीचे मरण दिसत असूनही लढत राहिले. लढाई हरलीच. त्याच वर्षी इंग्रजांनी दहा हजार पौंड खंडणी मोजली. काव्याचे हस्तलिखितही १७३१ च्या आगीत जळाले. त्याआधी कुणी नक्कल करून ठेवली होती, म्हणून ते आज वाचता येते.

म्हणजे या शब्दात विजयाची हमी नाही. आहे ती फक्त न हटण्याची.

गंमत अशी की, ‘स्टेड’ आणि संस्कृत ‘स्थिति’ एकाच मुळाचे. आपले ‘स्थिर’, ‘ठाणे’ त्याच ‘स्था’च्या कुळातले. आणि ‘कायम’? तो अरबीतून, फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ ‘उभा असलेला’. नमाजात उभे राहण्याला आम्ही ‘कियाम’ म्हणतो. आपला ‘मुक्काम’ही त्याच धातूचा. भाषांची घराणी वेगळी, पण टिकून राहणे म्हणजे उभे राहणे, हे दोघींनाही सुचले.

आज हा इंग्रजी शब्द राजकीय निवेदनांत स्वस्त झाला आहे. ‘आमचा पाठिंबा स्टेडफास्ट आहे’ म्हणायला काही पडत नाही. माझी कसोटी साधी आहे : समोरून धक्का येत असेल, पळायला वाट मोकळी असेल आणि तरीही माणूस हलला नसेल, तरच हे विशेषण त्याला लावावे. वारा नसताना सगळीच झाडे स्थिर असतात.