ठोकलेली मुद्रा

नाणे वितळवण्यापेक्षा त्यावर आपली मुद्रा ठोकणे सोपे असते. इ.स. ६८ मध्ये रोमचा सम्राट नीरो याने आत्महत्या केली. त्या धामधुमीत त्याची मुखाकृती असलेल्या काही कांस्य नाण्यांवर ‘एस.पी.क्यू.आर.’ ही चार अक्षरे ठोकली गेली. रोमचे सिनेट आणि रोमची जनता, असा त्यांचा अर्थ. कांस्य हे बाजारहाटाचे चलन. ते रद्द केले असते तर सामान्यांचे व्यवहार अडले असते. म्हणून नाणे राहिले, धनी तेवढा बदलला.

भारताशी चाललेल्या व्यापारात रोमची सोन्याचांदीची नाणी अधिक आली, कांस्य क्वचितच. पण ठोकण्याची ही रीत आपल्याकडेही दिसते. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षहरात राजा नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. एका बाजूस राजाचा मुखवटा, भोवती ग्रीक अक्षरे. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपली त्रिशिखर टेकडी आणि उज्जयिनी चिन्ह ठोकले. ठशाखालून नहपानाचे नाक आणि अक्षरे अजून डोकावतात.

याच संघर्षाची दुसरी खूण आपल्या मावळात आहे. लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यांचे जुने नाव वलुरक. तेथील चैत्यगृहाच्या ओसरीत नहपानाचा जावई उषवदात याने करजिक हे गाव भिक्षूंच्या निर्वाहासाठी दिल्याचा लेख आहे. तेथेच सातवाहनांचा आदेशही कोरलेला आहे. मामालच्या, म्हणजे आजच्या मावळच्या, अमात्याला उद्देशून त्यात वलुरकच्या भिक्षूंना करजक गाव दिल्याचे सांगितले आहे. अभ्यासक हे एकच गाव मानतात. म्हणजे शत्रूचे दान मोडले गेले नाही. ते आपल्या नावाने पुन्हा दिले गेले.

यात औदार्य होते तसाच हिशेबही असावा. खपणारे नाणे आणि चालू असलेली दाननिष्ठा, दोन्ही नव्या राजाला आयती मिळत होती. मात्र उषवदाताचा लेख कोणी खरवडला नाही. सत्तेचे श्रेय बदलले, तरी भिक्षूंच्या पात्रात पडणारे धान्य त्याच शिवारातून येत राहिले असेल. इतिहासात राजांची नावे ठळक असतात. ज्यावर ती उमटतात तो धातू आणि ती जमीन यांच्याकडे आपण कितीदा पाहतो?