शिधापत्रिका, वाण्याची वही आणि दुकान निवडण्याचा हक्क

१/
सांताक्रूझ पश्चिमेला स्थानकालगत गजबजलेला बाजार. रुळांपलीकडे वाकोला, गोळीबार, कलिना. किराण्याची दुकाने या उपनगरात पूर्वीही होती. तरीही कित्येक कुटुंबांना त्यांतले एखादे स्वतःच्या मर्जीने निवडता येत नसे. या अडचणीचा आणि तीवर शोधलेल्या उपायांचा हा इतिहास.

२/
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्यटंचाई वाढली आणि १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. पत्रिका एका ठरावीक दुकानाशी जोडलेली असे. तेथे धान्य किडके निघाले किंवा माल संपला, तरी शेजारच्या शिधावाटप दुकानात जाण्याची मुभा नव्हती.

३/
दुसरे बंधन वाण्याच्या वहीचे. पगार होईपर्यंत उधारीवर चालणाऱ्या घराला हे खाते मोठा आधार होते. पण ज्याची बाकी डोक्यावर आहे, त्याच्याशी भावावरून किंवा मापावरून वाद कसा घालणार? उधारी जितकी जुनी, तितके दुकान बदलणे अवघड.

४/
यातून सुटण्याचा एक मार्ग कामगारांनी दाखवला. १९४८ मध्ये नायगावच्या गिरणगावात ग्राहकांची सहकारी संस्था उभी राहिली. तीच पुढे ‘अपना बाजार’ या नावाने घरोघरी पोहोचली. ग्राहकच दुकानाचा मालक, ही तिच्यामागची कल्पना होती.

५/
१९७२ च्या दुष्काळाने प्रश्न पुन्हा तीव्र केला. धान्य, तेल, साखर, रॉकेल यांच्या टंचाईविरुद्ध त्याच वर्षी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा भिन्न पक्षांच्या नेत्या एकत्र आल्या. लाटणी आणि थाळ्या घेऊन गृहिणी रस्त्यावर उतरल्या. स्वयंपाकघरातला हिशेब आता राजकारणाचा विषय झाला होता.

६/
मोर्चाने सरकारला जाब विचारता येई. महिन्याचे सामान मात्र भरावेच लागे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक चळवळीचा पाया घातला आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिचे ‘ग्राहक भवन’ आज सांताक्रूझच्या पुढच्याच स्थानकाच्या परिसरात, विलेपार्ले पश्चिमेला आहे.

७/
पंचायतीची पद्धत साधी होती. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, प्रत्येकाने महिन्याची यादी भरायची. माल घाऊक भावाने एकत्र खरेदी होई. ठरलेल्या दिवशी तो एका सदस्याच्या घरी उतरे आणि सदस्य, बहुतेक वेळा महिलाच, तो वाटून घेत. दुकानाचे भाडे नाही, जाहिरात नाही, मधला दलाल नाही.

८/
या स्वस्ताईची किंमतही होती. यादी ठरावीक, वाटप महिन्यातून एकदा, आणि वाटपाचे श्रम बिनमोल. ते बायकांच्याच वाट्याला आले. शिवाय महिन्याचे सामान एकदम घेण्याइतकी रोकड घरात हवी. रोजच्या मजुरीतून पावशेर तेल आणि किलोभर तांदूळ नेणाऱ्या कुटुंबाला ही सोय पेलणारी नव्हती. त्याच्यासाठी पर्याय उरले तेच दोन: वाण्याची वही आणि शिधावाटपाची रांग.

९/
२००२ मध्ये पवईत डी-मार्टचे पहिले दुकान उघडले. पुढे मॉल आले, मग फोनवरून काही मिनिटांत घरपोच सामान. पैसा हाती असलेल्यांसाठी पर्यायांची चणचण संपली.

१०/
शिधापत्रिकेचे बंधन मात्र त्यानंतरही टिकून होते. १ जानेवारी २०२० रोजी ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेखाली बारा राज्ये जोडली गेली. महाराष्ट्र त्यांतले एक. अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थ्याला आपले धान्य दुसऱ्या दुकानातून, अगदी दुसऱ्या राज्यातूनही उचलण्याची मुभा मिळाली. १९४३ पासून मोजले तर मधे ७७ वर्षे गेली. दुकान बदलण्याचा साधा हक्क, ज्यांना त्याची गरज सर्वाधिक होती, त्यांच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचला.