अपत्यार्थी दांपत्याची पूर्वसिद्धता

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात, उत्तम संतती व्हावी अशी इच्छा धरणाऱ्या स्त्रीपुरुषांनी समागमापूर्वी काय करावे याचा क्रम सांगितला आहे. दोघांनीही स्नेहन व स्वेदन घ्यावे, वमन-विरेचनाने देह शुद्ध करावा, नंतर बस्ती घ्यावा, आणि शोधन पुरे झाल्यावर पुरुषाने मधुर औषधींनी संस्कारिलेले तूप व दूध, तर स्त्रीने तेल व उडीद यांचे सेवन करावे, अशी ती योजना आहे. या उपायांचा गुण कितपत येत असेल हा प्रश्न निराळा. पण ही तयारी एकट्या स्त्रीची नसून उभयतांची आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सुश्रुताने तर आपल्या शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात आधी शुक्राचे दोष सांगितले आणि मग आर्तवाचे. ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज ही गर्भाची चार अंगे सांगताना त्यांतील एकाच अंगावर सारा भार टाकण्याची चूक त्याने केली नाही.

वैद्यकाने दोघांवर सोपविलेले हे कार्य रूढीने मात्र एकटीच्या पदरात टाकले. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वंध्या स्त्रीवर आठव्या वर्षी, आणि जिला केवळ कन्याच होतात तिच्यावर अकराव्या वर्षी दुसरी स्त्री करण्याची मोकळीक आहे. पुरुषाच्या बीजात दोष असेल काय, ही शंका तेथे उपस्थितच होत नाही. महाराष्ट्रातील घराघरांत पारायण होणाऱ्या गुरुचरित्राच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात साठ वर्षांची वंध्या गाणगापुरी संगमावरील अश्वत्थाची सेवा करून आधी कन्या आणि मग पुत्र पावते. तिचा पती त्या कथेत आहे, परंतु प्रदक्षिणा तिच्याच वाट्याच्या आहेत. उपास, सोळा सोमवार, औदुंबराचे फेरे, ओटीतला नारळ ही सारी सिद्धता तिने करावयाची, आणि कूस उजवली नाही तर डोहाळजेवणाला व बारशाला तिला आमंत्रणही टाळले जावयाचे. जेजुरीच्या नवसाची रीत याहूनही कठोर होती. मूल व्हावे म्हणून खंडोबाला बोललेल्या नवसात पहिले अपत्यच देवाला वाहण्याचे वचन असे, आणि ती कन्या असली तर तिला मुरळी म्हणून सोडीत. आईबापांच्या आर्ततेची किंमत अशा रीतीने त्या अजाण मुलीने आयुष्यभर फेडावी, याविरुद्ध विठ्ठल रामजी शिंदे यांनी आवाज उठविला, याबद्दल महाराष्ट्राने त्यांचे ऋणी असावयास हवे.

राजदरबारी व वतनदारांच्या वाड्यांत या चिंतेला आणखी एक अंग होते. वारस नसला की वतन जाण्याचे भय. दत्तक घ्यावयाचा तर सरकारची मंजुरी हवी आणि नजराणा भरावयास हवा. 1848 साली साताऱ्याच्या शहाजीराजांनी मृत्युशय्येवर दत्तविधान केले असताही कंपनी सरकारने ते नामंजूर करून राज्य खालसा केले, तेव्हा निपुत्रिकपण ही केवळ घरातली व्यथा उरली नाही.

त्याच शतकात पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी निराळा मार्ग दाखविला. मूल होत नाही म्हणून दुसरे लग्न करण्याचा आप्तांचा आग्रह जोतीरावांनी मानला नाही, आणि 1874 मध्ये एका ब्राह्मण विधवेचा पुत्र यशवंत याला दोघांनी पोटाशी धरले. तोच पुढे डॉक्टर झाला. जोतीरावांनी हे घरी केले. कायद्याला तेथवर पोहोचावयास बराच काळ लागला. मुंबई इलाख्यात 1946 साली हिंदूंच्या द्विभार्या विवाहास बंदी झाली, आणि पुत्राशिवाय गती नाही ही सबब घेऊन त्या कायद्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, तेव्हा 1951 च्या निकालात मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी दाखवून दिले की, जो धर्म पुत्राची आवश्यकता मानतो तोच दत्तकही मानतो, म्हणून एकपत्नीव्रतातही वंश चालतो. दत्तक घेताना पत्नीची संमती आवश्यक ठरली ती त्यानंतर, 1956 मध्ये.

पुरुषाला पुन्हा तपासणीच्या खोलीत आणण्याचे श्रेय मात्र सूक्ष्मदर्शकाचे. लेव्हनहूकने 1677 मध्ये शुक्राणू पाहिले, तरी त्यांची संख्या व चलनशक्ती मोजून पतीच्या दोषाचे निदान करण्याची पद्धत विसाव्या शतकातच रुळली. पुढे 25 जुलै 1978 रोजी इंग्लंडात ओल्डहॅम येथे परीक्षानळीतील गर्भधारणेतून पहिले मूल जन्मले, आणि त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने दुसरे. त्यांच्यावर सरकारी समितीने अविश्वास दाखविला आणि 1981 मध्ये त्यांनी आपले जीवन संपविले, ही आपल्या विज्ञानाच्या इतिहासातील अत्यंत लज्जास्पद घटना होय. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या संयुक्त प्रयत्नातून कन्या जन्मली, व भारतात पहिलेपणाचा मान त्यांना मिळाला. परंतु मुखोपाध्यायांची कागदपत्रे स्वतः तपासून, हा मान खरोखर त्यांचाच, असे आनंदकुमारांनी 1997 मध्ये जाहीर लिहिले. इतकी निःस्पृहता विद्वानांत विरळा आढळते. 1992 मध्ये ब्रुसेल्सच्या संशोधकांनी एकच शुक्राणू स्त्रीबीजात सुईने सोडून गर्भधारणा साधल्याचे जाहीर केले, आणि ज्यांचे शुक्राणू अत्यल्प त्यांनाही पितृत्वाची आशा लाभली.

आज उपचारास निघालेल्या दांपत्याची पूर्वतयारी पहिल्याच भेटीत दोघांच्या तपासण्यांनी सुरू होते. पत्नीची सोनोग्राफी व रक्ततपासणी, पाळी संपल्यावर गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहणारी क्ष-किरण तपासणी, आणि पतीची दोन ते सात दिवसांच्या संयमानंतरची वीर्यतपासणी. अशा उपचारांविषयीच्या 2021 च्या कायद्याने पत्नीच्या वयाची मर्यादा पन्नासच्या आत, पतीची पंचावन्नच्या आत ठेवली असून, यशाची शक्यता, खर्च व धोके दोघांना समजावून सांगणे आणि त्यांची लेखी संमती घेणे रुग्णालयावर बंधनकारक केले आहे. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी पत्नी ज्या दिवशी सुरू करते, त्याच दिवशी पतीने तंबाखू सोडावी हे उत्तम.