कथानक ढिलं असलं तर बिघडतं काय? संगीत नाटकाचं उत्तर

आजचा भाग एका नेहमीच्या तक्रारीवर आहे. सिनेमा संपतो, दिवे लागतात आणि शेजारचं कुणीतरी म्हणतं, "बाकी सगळं मस्त होतं, पण स्टोरीच नाही रे!" कादंबरीबद्दल हेच ऐकू येतं, गेमबद्दलही हेच. गंमत अशी की असं म्हणणारा माणूस बऱ्याचदा अडीच तास मजेत बसलेला असतो. मग कथानक कमकुवत होतं म्हणून त्याचं नक्की काय बिघडलं?

वरवर हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. पण आपल्याकडे मराठीत या प्रश्नावर जवळजवळ पन्नास वर्षं चाललेला एक प्रयोग आहे, आणि त्याचा निकालही लागलेला आहे. तो प्रयोग म्हणजे संगीत नाटक.

तिकडे जाण्याआधी दोन जुन्या जाणत्यांना विचारून घेऊ. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेचे सहा घटक सांगितले आणि त्यात कथानकाला पहिला मान दिला; कथानक हा शोकांतिकेचा जणू आत्माच, असं तो म्हणतो. संगीताला त्याने अलंकारांच्या रांगेत बसवलं, सगळ्यांत मोठा अलंकार खरा, पण अलंकारच. आपल्या भरतमुनींनी ‘नाट्यशास्त्रा’त कथानकाला नाट्याचं शरीर म्हटलंय. आत्मा नव्हे, शरीर. शरीरात जे खेळायचं तो रस. म्हणजे एकाच्या मते कथानक गेलं की सगळं गेलं, आणि दुसऱ्याच्या मते कथानक हे धरून ठेवणारं भांडं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ‘कमकुवत कथानक’ म्हणजे काय, हेही नीट ठरवू. आपण या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी ढकलतो. एक कथानक पातळ असतं: त्यात घटनाच कमी. दुसरं फुटकं असतं: घटना ढीगभर, पण एकीमुळे दुसरी घडत नाही.

मराठी कादंबरीच्या सुरुवातीलाच दोन्ही प्रकार भेटतात. १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. दोन्हींत घटनांची रेलचेल आहे. रिसबुडांनी तर प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगून टाकलं, की आपल्या समाजातलं रोजचं जगणं इतकं ठरावीक आहे की त्यात मनोरंजक लिहिण्यासारखं फारसं काही नाही. म्हणून अद्भुताकडे जावं लागतं. मग योगायोगामागून योगायोग येतात. पान उलटत राहतं, पण काहीही घडू शकतं हे एकदा कळलं की कशाचीच धास्ती वाटत नाही.

१८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ सुरू केलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः छापायला लागले. यात घटना किती? एका मुलीचं बालपण, लग्न, सासर, मुंबईतला थोडा मोकळा संसार, मग वैधव्य. रिसबुडांनी ज्याला नीरस म्हटलं असतं नेमकं तेच जगणं. पण इथे प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीतून निघते, म्हणून वाचणारा हादरतो. पातळ कथानकाने आनंद कमी होत नाही, फुटक्याने होतो. एवढं पक्कं धरून आता नाटकाकडे येऊ.

१८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ उभं केलं. कालिदासाचं नाटक मराठीत, आणि पदं दोनशेच्या आसपास! दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आलं. ‘सौभद्रा’ची गोष्ट प्रेक्षकांना घरूनच पाठ होती: सुभद्रेचं लग्न अर्जुनाशीच होणार. पण शेवट माहीत असणं म्हणजे कथानक कमकुवत असणं नव्हे. बलरामाला तिला दुर्योधनाला द्यायचंय, अर्जुन संन्याशाच्या वेषात त्याच घरात येऊन राहिलाय आणि कृष्ण सगळ्यांना गोड बोलून खेळवतोय. ‘काय होणार’ हे माहीत आहे, ‘कसं होणार’ यात सगळी मजा. पुढे १८९९ मध्ये किर्लोस्करांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवलांनी ‘शारदा’ लिहिलं. म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावायचा घाट, आणि लोभी बाप. इथली पदं त्या माणसांच्या तोंडून सहज निघतात. गाणं संपतं तेव्हा गोष्ट थोडी पुढे सरकलेली असते.

मग येतं १९११ आणि ‘मानापमान’. लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. या माणसाला कथानक रचता येत नव्हतं असं कुणी म्हणूच नये. १९०७ चं त्यांचं ‘कीचकवध’ हे गद्य नाटक महाभारतातली गोष्ट सांगताना लॉर्ड कर्झनच्या कारभारावर इतकं नेमकं बोट ठेवत होतं की १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. कथानकाच्या ताकदीचं याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळणं कठीण.

त्याच खाडिलकरांनी ‘मानापमाना’त काय केलं? श्रीमंत भामिनी, गरीब पण शूर सेनापती धैर्यधर आणि पैसेवाला भित्रा लक्ष्मीधर. भामिनी गरिबीवरून धैर्यधराचा अपमान करते, मग वेष बदलून वनमाला होते, त्याचं शौर्य बघते, प्रेमात पडते. पुढचं तुम्ही सांगा. पहिल्या अंकातच शेवट दिसतो, आणि तिथपर्यंत पोचायचा रस्ताही. पण भामिनी होते बालगंधर्व आणि चाली होत्या गोविंदराव टेंब्यांच्या. नाटकाने महाराष्ट्राला वेड लावलं.

माझं म्हणणं असं, की इथलं ढिलं कथानक ही चूक नव्हती, सोय होती. ‘वन्समोअर’चा विचार करा. एक पद आवडलं, लोकांनी ओरडून पुन्हा मागितलं, नट पुन्हा गायला. परत मागितलं, परत गायला. नाटकं पहाटेपर्यंत चालायची ती अशी. आता ‘कीचकवधा’त कीचक सैरंध्रीच्या मागे लागलाय आणि कुणी वन्समोअर मागितला तर? शक्यच नाही. घट्ट कथानक सतत पुढे ओढतं, त्यात थांबायला जागा नसते. गाण्याला मात्र थांबायलाच जागा लागते. भामिनीचं काय होणार ही चिंता कुणालाच नव्हती, म्हणून तेच पद तीनदा ऐकताना कुणाचा जीव वर-खाली होत नव्हता.

या आनंदाची उंची केवढी होती? ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर: दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन सम्राट एका रंगमंचावर. ज्याची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती त्या नाटकाला लोटलेली ती गर्दी गोष्टीसाठी नव्हती, हे उघड आहे. कुणाची फसवणूक झाली नाही, कुणाची मजा कमी झाली नाही. या टप्प्यावर हिशोब मांडला तर उत्तर येतं: कथानक ढिलं असलं तरी काही बिघडत नाही.

पण पुढची दहा वर्षं बघा.

पदं आधीच ग्रामोफोनच्या तबकड्यांवर चढलेली. तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं, घरबसल्या, हवे तितके वन्समोअर. मग १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ आला: बोलणारा आणि गाणारा सिनेमा. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’, पहिला मराठी बोलपट. त्यात हरिश्चंद्र कोण? गोविंदराव टेंबे. संगीत कुणाचं? गोविंदराव टेंबे यांचंच. ज्या माणसाने ‘मानापमाना’ला चाली दिल्या तोच माणूस नव्या माध्यमात पहिल्याच फटक्याला नट आणि संगीतकार म्हणून उभा. गाणं एका घरातून उठून दुसऱ्या घरात राहायला गेलं, आणि जाताना त्याला नाटकातलं काहीच सोबत न्यावं लागलं नाही.

हेच ढिल्या कथानकाचं खरं बिल. ‘मानापमाना’तली पदं नाटकातून सुटी काढता येत होती. भामिनी कोण, धैर्यधर कोण हे माहीत नसलेला माणूसही आज ती मैफलीत ऐकून दाद देतो. पदांसाठी हे भाग्याचं, पण नाटकासाठी? ज्या गोष्टीसाठी लोक येत होते ती जवळच्या थिएटरात कमी पैशात मिळायला लागल्यावर नाटकाकडे ‘हे फक्त इथेच मिळेल’ असं सांगण्यासारखं फार थोडं उरलं.

नाटक कंपन्या केवळ कथानकापायी बुडाल्या असं मात्र मी म्हणणार नाही. भरजरी पोशाख, अत्तरं, मोठा लवाजमा, कर्जं, जागतिक मंदी, नाट्यगृहांची होत चाललेली सिनेमागृहं, ही सगळी कारणं खरी आहेत. बालगंधर्वांचं वयही चाळिशीपार गेलं होतं. पण यातलं प्रत्येक कारण जास्त जोरात लागलं, कारण सगळा भार एका आवाजावर होता. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतात: एकच खांब, आणि तो हलला की छप्परच खाली. १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथ म्हणून पडद्यावर आले. पुढे ते रंगभूमीवर परतले, पण तो काळ परतला नाही.

रंगभूमीने त्यावर दिलेलं उत्तर काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून घेतलेलं. पदं मोजकी, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडे आणि मध्यभागी लग्नाआधीच्या पुरुषाच्या वर्तनाचा प्रश्न. १९४२ मध्ये मो. ग. रांगणेकरांचं ‘कुलवधू’ आलं: घरातली गोष्ट, थोडी गाणी. म्हणजे संकटात सापडल्यावर नाटक परत गोष्टीकडेच गेलं.

आता एक उलटं उदाहरण घेऊ, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा तर ॲरिस्टॉटलचाच वकील निघाला. १० डिसेंबर १९९३ ला ‘डूम’ हा गेम आला. तो बनवणाऱ्या कंपनीत टॉम हॉलने आधी ‘डूम बायबल’ नावाचा सविस्तर दस्तऐवज लिहिला होता: पात्रं, ठिकाणं, कथा. जॉन कारमॅकला गेममध्ये कथेची फारशी गरज वाटत नव्हती. ती कथा बहुतेक सगळी कापली गेली, आणि हॉल गेम प्रसिद्ध होण्याआधीच बाहेर पडला. उरलं काय? मंगळाच्या चंद्रावर एकटा सैनिक आणि राक्षस. तरी ‘डूम’ आजही खेळला जातो. मग तो ‘मानापमाना’सारखा रिकामा का नाही पडला?

कारण त्यात कथा पातळ आहे, फुटकी नाही. गोळ्या संपत आल्यात, म्हणून उजवीकडे वळलो; तिथे निळी किल्ली मिळाली, म्हणून मागचं दार उघडलं; दार उघडलं म्हणून हल्ला झाला. ‘म्हणून’ची साखळी लेखकाने नाही, खेळणाऱ्याने जोडली, एवढंच. ही मजा सुटी काढून दुसरीकडे नेता येत नाही. पाच वर्षांनी, १९९८ मध्ये, ‘हाफ-लाइफ’ आला. त्याचं इंजिन त्याच कंपनीच्या ‘क्वेक’वरून घेऊन बदललेलं. पण इथे प्रयोगशाळेतला तो नमुना यंत्रात ढकलतो कोण? तुम्ही स्वतः. अनर्थ तुमच्या हातून सुरू होतो. खेळणं आणि कथा यांत फटच ठेवली नाही.

आणि आपल्याकडे नेमकं हेच त्याच्या एकतीस वर्षं आधी घडलं होतं. १९६७, ‘कट्यार काळजात घुसली’. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकींचं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. दोन गायकी, दोन घराणी, राजगायकाच्या मानाची कट्यार, आणि विद्या मागणारा सदाशिव. इथे गाणं हेच शस्त्र, गाणं हीच चोरी, गाणं हीच हार. पदं यातलीही मैफलीत गायली जातात, पण नाटकात ऐकताना त्यांचा घाव वेगळा बसतो, कारण कोण कुणाला हरवतंय हे आपल्याला माहीत असतं. पन्नास वर्षांच्या त्या प्रयोगातून काढलेला धडाच जणू या नाटकात दिसतो. २०१५ मध्ये त्याचा सिनेमा झाला आणि तोही चालला. माध्यम बदललं तरी गाणी आणि गोष्ट एकत्रच प्रवासाला निघाली.

तर मंडळी, ‘स्टोरीच नाही रे’ या तक्रारीला माझं उत्तर असं: कथानक ढिलं असलं तर त्या संध्याकाळची मजा कमी होईलच असं नाही. कधीकधी तर ते ढिलं असतं म्हणूनच मजा येते. पण मजेचे तुकडे एकत्र बांधून ठेवायचं काम कथानकच करतं. गाठ सैल असली तर तुकडे सुटे होतात, आणि सुटे तुकडे कुठूनही मिळतात. भरतमुनींचं ‘शरीर’ मला म्हणूनच जास्त पटतं.

पुढच्या वेळी असा सिनेमा बघाल तेव्हा एवढंच विचारा: यातलं मला जे आवडलं, ते कापून मोबाईलवर तीन मिनिटांत बघितलं असतं तर काही कमी पडलं असतं का? उत्तर ‘नाही’ आलं, तर १९३१ मध्ये नाटकवाल्यांपुढे काय वाढून ठेवलं होतं, ते तुमच्या लक्षात येईल.

भेटू पुढच्या भागात. तोवर जमलं तर ‘सौभद्रा’चा एखादा प्रयोग बघून या. अजून होतात.